ब्लीच करण्याआधी मान नीट बघा

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौड रस्त्याला लागलं की भूगाव येईपर्यंत नव्या सोसायट्यांच्या बरोबरीनं नव्या पाट्याही दिसत राहतात. थ्रेडिंग, क्लीनअप, डी-टॅन, केराटिन, स्मूदनिंग, आणि अधूनमधून एखादी लेझरची. या दुकानांत आता शाळकरी मुलीही येऊ लागल्या आहेत. निमित्त बहुधा मामाच्या लग्नाचं किंवा शाळेच्या गॅदरिंगचं असतं. सातवी-आठवीतली मुलगी म्हणते, "आई, माझी मान बघ ना किती काळी दिसते, ब्लीच करू दे." आई म्हणते, "अंघोळीला नीट घासत जा." आजी साय आणि डाळीच्या पिठाची आठवण करून देते. मान काळी का झाली, हे मात्र तिघींपैकी कुणीच विचारत नाही.

मानेमागची, काखेतली किंवा जांघेतली कातडी जाडसर, मखमली आणि काळपट झाली असेल, तर बहुतेक वेळा तो मळ नसतो. डॉक्टरी भाषेत त्याला अ‍ॅकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालं की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. रक्तात वाढलेलं हे इन्सुलिन त्वचेच्या पेशींवरच्या वाढीच्या ग्राहींना जाऊन चिकटतं. पेशी भराभर वाढतात, कातडीला बारीक घड्या पडतात आणि ती काळी दिसते. दगडानं किंवा घासणीनं घासलं की ती आणखी जाड होते. ब्लीचमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडनं रंग चार दिवस उतरेल, पण कारण रक्तात आहे, तिथवर कुठलंही ब्लीच पोचत नाही.

"पण आमची तर काडीसारखी आहे, तिला कशाचा डायबेटिस?" इन्सुलिनचं नाव निघालं की हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो भरलं, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी कमी होती, पण चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखलेली होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३ होता. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. तेव्हा मराठी घरातली मुलगी बारीक दिसते एवढ्यावरून तिच्या इन्सुलिनचा निवाडा करता येत नाही. वयात येताना इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद तसाही थोडा मंदावतो, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण घरात मधुमेह असेल आणि मुलीची मान काळी होत असेल, तर पार्लरच्या आधी साखरेची तपासणी करून घ्यावी. पैसेही कमी लागतात.

मानेवर एवढा वेळ घालवला त्याला कारण आहे. मुलगी सौंदर्यासाठी काही मागते तेव्हा आपण लगेच हो-नाहीवर येतो: आपल्या घरात चालतं की नाही, मैत्रिणी करतात की नाही, खर्च किती. हे नेमकं काय आहे, हा प्रश्न राहूनच जातो. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्वचा, केस आणि संप्रेरकं यांची घडण चालू असते. त्या वयात दिसणाऱ्या गोष्टींपैकी काही आपोआप जाणार असतात, काही डॉक्टरांना दाखवायच्या असतात, आणि उपचारानं बदलावं असं त्यांतलं थोडंच उरतं.

ओठांवरची लव घ्या. वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे मऊ, फिकट लवेचं रूपांतर हळूहळू जाड, काळ्या केसांत होतं. मुलींच्या शरीरातही ही संप्रेरकं असतात, आणि हे रूपांतर काही वर्षं चालतं. थ्रेडिंग केलं, वॅक्स केलं किंवा रेझर फिरवला म्हणून ते वेगानं होत नाही. एकदा ब्लेड लागलं की केस दाट येतात, असं आपल्याकडे ठामपणे सांगतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनातज्ज्ञ बाईंनी १९२८ सालीच ते तपासलं आणि त्यात तथ्य नसल्याचं दाखवलं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं, म्हणून तो राठ लागतो, इतकंच. शाळेत कुणी "मिशी आली" म्हणून चिडवत असेल आणि मुलगी रडकुंडीला आली असेल, तर स्वच्छ दोऱ्यानं थ्रेडिंग करून द्यायला विज्ञानाची काहीही हरकत नाही. माझीही नाही.

लेझरचं गणित वेगळं आहे. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली मांडलेल्या तत्त्वावर ते चालतं: प्रकाशाची तरंगलांबी आणि झोताचा काळ नेमका निवडला, तर आजूबाजूची कातडी न भाजता हवा तेवढाच भाग तापवता येतो. इथे तापवायचं असतं केसातलं मेलॅनिन हे रंगद्रव्य. गोऱ्या कातडीत काळा केस एकटा सापडतो. आपल्या सावळ्या कातडीत मात्र वरच्या थरातही भरपूर मेलॅनिन असतं, ते बराचसा प्रकाश वाटेतच गिळतं आणि तापतं. मशीन चुकीचं निवडलं किंवा हात कच्चा असला तर चटके बसतात, आणि चटक्याच्या जागी महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. म्हणूनच आपल्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा, खोल जाणारा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. बारीक लवेवर लेझर मारला तर काहींचे केस कमी होण्याऐवजी वाढतात, हेही डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. आणि सगळं सुरळीत पार पडलं तरी आज जी लव आहे ती पुढच्या वर्षी केस होणारच आहे. तेराव्या वर्षी घेतलेलं सहा सिटिंगचं पॅकेज पंधराव्या वर्षी पुन्हा घ्यावं लागतं ते यामुळे.

हनुवटीवर, छातीवर, पोटावर जाड केस येत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञ गाठावा. तिथेही एक सावधगिरी हवी. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती मागेपुढे होणं स्वाभाविक असतं. पीसीओएसच्या (संप्रेरकांच्या बिघाडाशी जोडलेल्या अंडाशयाच्या विकाराच्या) २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली पाळी आल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, कारण त्या वयात अंडाशयात पुष्कळ पुटिका दिसणं नेहमीचंच असतं. चौदा वर्षांच्या मुलीचा सोनोग्राफी रिपोर्ट बघून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. ती टाळता आली असती.

आता गोरेपणाच्या क्रीमच्या त्या डबीकडे येऊ, जिच्यावर ना कंपनीचं धड नाव असतं ना बॅच नंबर. "आठ दिवसांत फरक" हे तिचं भांडवल. आठ दिवसांत उजळपणा आणणारी दोनच द्रव्यं अशा डब्यांत वारंवार सापडतात, स्टिरॉइड आणि पारा. स्टिरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा फिकट आणि तुकतुकीत होतो. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ पडते, लाली येते, बारीक लव आणि पुटकुळ्या उगवतात. क्रीम थांबवलं की आग आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते. त्वचारोगतज्ज्ञांनी या प्रकाराला 'स्टिरॉइडनं बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं स्वतंत्र नावच दिलं आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मेडिकलच्या काउंटरवर ती तोंडी मागून मिळतात. नायट्यापासून गोरेपणापर्यंत सगळ्याला एकच ट्यूब, हे तर घराघरातलं दृश्य आहे.

पारा त्याहून वाईट. मेलॅनिन तयार करणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तो अडवतो, म्हणून रंग उतरतो. पण तो कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली होती. स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेलं क्रीम वापरून आई आणि दोन मुली अशा तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात धागेदोरे जुळवल्यावर त्या क्रीममध्ये पारा निघाला. केरळमध्ये कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत एनईएलएल-१ हे प्रथिन सापडलं, आणि त्या १५ पैकी १३ जण उजळपणाची क्रीमं लावत होते. लघवीला फेस येणं, सकाळी डोळ्यांभोवती आणि संध्याकाळी पायांवर सूज येणं, ही त्याची लक्षणं. अशी क्रीम लावणाऱ्या मुलीचे डोळे सुजू लागले तर जागरणाला दोष देण्याआधी लघवी तपासावी.

केसांच्या स्मूदनिंगबद्दलही थोडं. बाटलीवर 'फॉर्मेलिन-मुक्त' लिहिलेलं असतं ते वाचून आपण निर्धास्त होतो. फॉर्मेलिनच्या जागी अनेकदा ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. २०२४ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी सव्वीस वर्षांच्या एका बाईची हकीकत प्रसिद्ध केली. केस सरळ करण्याच्या उपचारानंतर तीन वेळा तिच्या मूत्रपिंडांनी तात्पुरता संप केला होता. हे आम्ल शरीरात शिरून त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचतात. धोका विरळा आहे, पण कुरळे केस हा आजार नाही, त्यामुळे तो धोका घ्यायचा कशासाठी हे मला कळत नाही.

पार्लरला न जाणाऱ्या मुलीही हल्ली सुटलेल्या नाहीत, त्यांचं पार्लर मोबाइलवर आहे. जून २०२५ मध्ये 'पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात छापून आलेल्या अभ्यासात अमेरिकी संशोधकांनी ७ ते १८ वर्षांच्या मुलींचे टिकटॉकवरचे स्किनकेअरचे १०० व्हिडिओ तपासले. प्रत्येकीच्या सोपस्कारात सरासरी सहा उत्पादनं होती. सर्वाधिक पाहिलेल्या व्हिडिओंमध्ये त्वचेला चिडवू शकणारे सरासरी अकरा घटक निघाले. दिवसाच्या सोपस्कारात सनस्क्रीन मात्र फक्त २६ टक्के ठिकाणी. रेटिनॉल हे वय झालेल्या त्वचेत कोलॅजेन वाढवायला वापरतात. चौदा वर्षांच्या मुलीकडे कोलॅजेनची कमतरता असते कुठे?

नाकाचंही असंच. फोन चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, हे २०१८ साली गणित मांडून दाखवलं गेलं आहे. त्यात भर वयाची. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली 'कल्पित प्रेक्षक' ही कल्पना मांडली: या वयात मुलांना सतत वाटतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय. तासन्‌तास आरशासमोर जात असतील, एकाच व्यंगापायी शाळा बुडत असेल, तर तो बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर असू शकतो. तो बहुतेकांना अठरा वर्षांच्या आधीच सुरू होतो, आणि तिथे सौंदर्योपचारांनी समाधान होत नाही, समुपदेशक लागतो. देखणं कशाला म्हणायचं हे प्रेक्षक ठरवतात, हे भूगावकरांना वेगळं सांगायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची कुस्ती इथेच झाली आणि अभिजित कटकेनं किरण भगतला हरवून गदा घेतली. तालमीतल्या पोरांचे कान रगडून रगडून आतल्या कूर्चेजवळ रक्त साकळतं आणि कान गोळा होतो. वेळीच ते रक्त काढलं नाही तर तो कायमचा तसाच राहतो. ते पोरगं त्या कानाला व्यंग म्हणत नाही, उलट मिरवतं.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्यांना निव्वळ सौंदर्यासाठी बोटॉक्स किंवा फिलर देणं गुन्हा आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे राखण आईबापांनाच करायची आहे. माझ्यापुरती रेघ सोपी आहे. दोरा, कात्री, सनस्क्रीन याला मुलीची इच्छा पुरे. सुई, लेझर, तीव्र आम्लाचे पील आणि गोरेपणाची इंजेक्शनं यांना वैद्यकीय कारण हवं, आणि ते कारण त्वचारोगाची पदवी असलेल्या, मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाटीवर लावणाऱ्या डॉक्टरनं सांगितलेलं हवं. कॉस्मेटॉलॉजीच्या प्रमाणपत्राची फ्रेम भिंतीवर असते ती वेगळी.

गंमत अशी की जिथे उपचार खरोखर हवा असतो तिथेच घरातून नकार येतो. मुरुमांना आपण "वयात येताना होतंच, लग्नानंतर जातील" म्हणून सोडून देतो. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या असतील तर आधी डोक्याचं तेल कमी करून बघावं, पुष्कळदा तेवढ्यानं भागतं. पण लाल, दुखरे, गाठीसारखे मुरूम व्रण ठेवून जातात, आणि पडलेले खड्डे पुढे हजारो रुपये खर्चूनही पूर्ण भरत नाहीत. वाफ देऊन ते पिळून काढणारं क्लीनअप तर आगीत तेलच ओततं, कारण दाबलेला मुरूम कातडीच्या आत फुटतो. बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि बारा वर्षांपुढे अ‍ॅडापॅलीन ही साधी, जुनी, तपासलेली औषधं आहेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं घ्यायची. फरक दिसायला त्यांना आठ ते बारा आठवडे लागतात. मे महिन्यात मामाचं लग्न असेल तर फेब्रुवारीतच सुरुवात करायला हवी. पहिले दोन-तीन आठवडे चेहरा लालसर होतो, सोलवटतो, आणि नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी म्हणतं, "बंद कर ते, त्यापेक्षा एक फेशियल करून घे." तेव्हा ट्यूब सोडू नये, डॉक्टरांना फोन करावा. बहुधा ते एक दिवसाआड लावायला सांगतात.