पांढरे चितळ मारावे का?

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने मागे पडले की शेते लागतात आणि शेतांपलीकडे सागाची, झुडपी जंगले. पहाटे धुऱ्यावर चितळ, रोही किंवा रानडुकरे दिसणे या भागातील मुलांना नवे नाही. समजा, एके दिवशी चितळांच्या कळपात एक पूर्ण पांढरे पाडस दिसले. दुसऱ्या दिवशी वर्गात दोन मते हमखास ऐकू येतील. एक म्हणेल, "ते देवाचे आहे, त्याला हात लावू नये." दुसरा म्हणेल, "ते रोगट आहे. राहिले तर सगळा कळप पांढरा होईल. मारलेलेच बरे."

जेथे शिकारीला परवानगी आहे अशा देशांत हाच वाद मोठी माणसेही घालतात. अमेरिकेत आयोवा, विस्कॉन्सिन अशा काही राज्यांनी पांढऱ्या हरणांना कायद्याने संरक्षण दिले, तर इतर अनेक राज्यांत ती साध्या हरणांप्रमाणेच मारता येतात. कोणाचे बरोबर? भावना थोडी बाजूला ठेवून आपण आनुवंशिकतेच्या अंगाने हा प्रश्न तपासून पाहू.

पांढरेपणा येतो कोठून?

केस, कातडी आणि डोळे यांचा रंग मुख्यतः मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. ते तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते. या विकराचे जनुक बिघडले तर मेलॅनिन बनत नाही. प्राणी पांढरा दिसतो आणि डोळ्यांतील रक्तवाहिन्यांमुळे डोळे गुलाबी भासतात. हीच वर्णकहीनता. अशा प्राण्यांची दृष्टी सहसा कमजोर असते. काही पांढऱ्या प्राण्यांचे डोळे मात्र नेहमीसारखे काळे किंवा तपकिरी असतात. त्यांच्यात रंगद्रव्य बनते, पण रंगपेशी कातडीपर्यंत नीट पोचत नाहीत. म्हणून पांढरा प्राणी दिसला की मुलांना पहिला प्रश्न विचारावा, "डोळे कोणत्या रंगाचे होते?"

वर्णकहीनतेचे जनुक अप्रभावी असते. आई आणि वडील दोघांकडून ते मिळाले तरच पाडस पांढरे होते. एकाकडूनच मिळाले तर पाडस दिसायला साधे, ठिपकेदार. पण जनुकाचे वाहक.

रीव्याची वाघीण

याचे उत्तम उदाहरण मध्य भारतातच घडले. १९५१ साली रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांनी जंगलात एक पांढरा बछडा पकडला. त्याचे नाव मोहन ठेवले. त्याची आई त्याच शिकारीत मारली गेली. ती नेहमीच्या रंगाची होती. पण पांढऱ्या बछड्याची आई म्हणजे जनुकाची वाहक असणारच. पुढे मोहनची जोडी बेगम या साध्या वाघिणीशी लावली, तेव्हा सर्व पिल्ले साधी झाली. मग बेगमची मुलगी राधा हिच्याशी मोहनचीच जोडी लावली आणि १९५८ मध्ये पांढरी पिल्ले जन्मली. बाप-लेकीच्या अशा जवळच्या संबंधांतून पांढऱ्या वाघांची वंशावळ वाढविली गेली. तिरळेपणासारखे दोष त्यांच्यात वरचेवर दिसतात.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. शिकाऱ्याने साध्या रंगाची वाघीण मारली, तेव्हा पांढरेपणाचे जनुकही मारले गेले. बंदूक रंग पाहते, जनुक पाहत नाही.

थोडे गणित

समजा, चितळांच्या मोठ्या समूहात दर १०० जनुकांमागे १ पांढरेपणाचे आहे. जोड्या आपोआप जुळत असतील तर पांढरे पाडस होण्याची शक्यता १/१०० × १/१००, म्हणजे १०,००० त १. वाहक मात्र १०,००० त १९८ असतील. पांढऱ्या एका चितळाकडे त्या जनुकाच्या २ प्रती, वाहकांकडे १९८. सगळी पांढरी चितळे मारली तरी २०० पैकी २ प्रती, म्हणजे फक्त एक टक्का कमी होतो.

दर पिढीला हेच करीत राहिलो तर जनुकाचे प्रमाण निम्मे व्हायला १०० पिढ्या लागतील. चितळाची पिढी तीन-चार वर्षांची धरली तरी तीन-चारशे वर्षे झाली! म्हणजे 'मारले की वाण शुद्ध होते' हे म्हणणे टिकत नाही. 'कळप पांढरा होईल' ही भीतीही निराधार ठरते; कारण ठिपक्यांच्या आडोशाने लपता न येणारे, कमजोर नजरेचे पाडस शिकारी प्राण्यांना लवकर सापडते.

मग पांढऱ्यांची संख्या वाढते केव्हा?

समूह लहान आणि कोंडलेला असेल तेव्हा. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १९४१ साली सेनेका येथे दारूगोळ्याचे सैनिकी कोठार उभारून भोवती कुंपण घातले. आत काही साधी हरणे अडकली. १९४९ च्या सुमारास त्यांत पांढरे हरीण दिसले. अधिकाऱ्यांनी पांढऱ्यांच्या शिकारीस मनाई केली आणि तपकिरी हरणांची शिकार चालू ठेवली. पुढे पांढऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. येथे निवड निसर्गाने नव्हे, माणसाने केली. फक्त पांढरे राखणे हीदेखील एक प्रकारची निवडच आहे.

दक्षिण आफ्रिकेत तर याचा धंदा झाला. काळे इम्पाला, सोनेरी रंगाचे नू असे प्राणी शिकाऱ्यांच्या हौसेसाठी कुंपणात पैदास करून विकले गेले.

ओडिशातील सिमिलीपालचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील वाघांपैकी सुमारे ३७ टक्के वाघांचे पट्टे पसरून अंग जवळजवळ काळे झाले आहे, असे बंगळूरच्या उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखविले. इतर जंगलांतील वाघांत त्यांना हे जनुक सापडले नाही. सिमिलीपालचे वाघ थोडे आहेत आणि इतरांपासून तुटलेले आहेत. दुर्मिळ रंग सर्रास दिसू लागणे ही तेथे नवलाची बाब कमी आणि धोक्याची खूण अधिक आहे.

वर्गात करून पाहा

१०० चिंचोके घ्या. त्यांपैकी २० ना चुना लावा. पिशवीत घालून न पाहता दोन-दोन काढा. ५० जोड्यांत दोन्ही पांढरे अशा सुमारे २ जोड्या आणि मिश्र सुमारे १६ जोड्या येतील. पांढऱ्या जोड्या 'मारा' आणि किती पांढरे चिंचोके उरले ते मोजा. नंतर प्रत्येक गटाला पिशवीतून न पाहता फक्त १० चिंचोके द्या. कोणाच्या वाट्याला एकही पांढरा येणार नाही, कोणाला चार-पाच येतील. कोंडलेल्या कळपाचे हेच होते.

आपले उत्तर

आपल्या देशात कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. चितळ पांढरे असो वा ठिपकेदार, त्याची शिकार हा गुन्हाच आहे. मुलांना 'पांढरे म्हणून मारू नका' असे सांगितले, तर 'साधे असेल तर चालेल' असा अर्थ निघतो. तो निघू देऊ नये. तारेचा फास किंवा कुंपणात सोडलेली वीज रंग विचारून मारत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. हिंगणा तालुक्यातील शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू होतो. वर्धा-नागपूर हद्दीवर बोर व्याघ्र प्रकल्प आहे. रस्ते, कारखाने आणि वस्त्या यांच्यामधून जनावरांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाता आले, तर जनुके मिसळत राहतील आणि पांढरे पाडस क्वचितच दिसेल. वाटा तुटल्या, तर प्रत्येक झुडपी जंगल म्हणजे दहा चिंचोक्यांची पिशवी होईल.

म्हणून एखादा विद्यार्थी पांढरे पाडस पाहून आला, तर त्याला तारीख, जागा, कळपाची संख्या आणि डोळ्यांचा रंग वहीत लिहायला सांगू या. जागेचा गवगवा मात्र करू नये. वनरक्षकाला कळविले की पुरे. आणि मग त्याला विचारू या, "हा कळप येथून पलीकडच्या जंगलात कोणत्या वाटेने जात असेल?"