कारखाना एकच, मग आपल्याला कमी का?

गुजरातेत तयार झालेली मारुतीची फ्रॉन्क्स ऑगस्ट 2024 मध्ये पिपावाव बंदरातून जपानला निघाली. जपानच्या गाडीत दीड लिटरचं इंजिन आहे, बर्फासाठी चारही चाकं ओढणारं मॉडेल आहे, सीट गरम करायची सोय आहे आणि समोर अडथळा आला की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणाही आहे. आपल्याकडे विकायला आलेल्या फ्रॉन्क्समध्ये यातलं काहीच नव्हतं. मी नागपुरात गाड्या विकते. अशा बातम्या वाचून आलेलं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मॅडम, कारखाना एकच, मग आपल्यालेच कमी काहून?"

सीट गरम करायच्या सोयीचं उत्तर सोपं आहे. मे 2013 मध्ये या शहरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. इथे गार हवा फेकणारी सीट खपते, आणि त्याहून जास्त विचारणा होते ती मागच्या एसीची. काटोलकडचं संत्रा बागायतदाराचं कुटुंब आलं की आजीला आधी मागच्या सीटवर बसवतात. मुलगा एसी सुरू करतो, आजी जाळीसमोर तळहात धरते. हवा लागली तर पुढची बोलणी. पुष्कळ देशांत मागे मुलं बसतात. आपल्याकडे घरातलं वडीलधारं माणूस बसतं, म्हणून कंपन्या मागच्या जाळ्यांवर खर्च करतात.

इंजिनामागे मात्र कर आहे. 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आलं आणि तेव्हापासून आपल्या गाड्यांचा आकार त्या रेषेनं ठरू लागला. 2012 मध्ये स्विफ्ट डिझायरची डिकी आखूड झाली ती त्यासाठीच. फ्रॉन्क्सची लांबी 3995 मिलिमीटर आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून या रेषेच्या आत 18 टक्के जीएसटी लागतो, बाहेर 40. पेट्रोल इंजिनाची मर्यादा 1200 सीसी. जपानचं दीड लिटरचं इंजिन इथे बसवलं, तर लांबी तीच राहूनही गाडी 40 टक्क्यांत जाईल. मग ती कोण घेणार?

इथवर माझी तक्रार नाही. हवामान वेगळं, कर वेगळे, तर गाडीही वेगळी असणारच. पण अपघातात माणसाचं शरीर जपानमध्ये जसं मोडतं तसंच वर्धा रोडवरही मोडतं. जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळून पाहिल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यांतल्याच पोलोला दोन एअरबॅग लावून पुन्हा चाचणी झाली तेव्हा चार तारे मिळाले. म्हणजे सामान होतं, ज्ञान होतं. इथल्या स्वस्त मॉडेलात ते घातलं नव्हतं.

ते आलं कायद्यानं. एप्रिल 2019 मध्ये एबीएस सक्तीचं झालं, जुलैत चालकाची एअरबॅग, बेल्टची आठवण आणि वेगाचा इशारा. समृद्धी महामार्गावर ताशी 120 गाठताच अखंड वाजत राहणारा आवाज हा त्याच नियमाचा. सहा एअरबॅगची सक्तीही येणार होती. नागपूरचे खासदार आणि रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी 2022 मध्ये जाहीरपणे विचारलं होतं, की निर्यातीच्या गाडीला सहा एअरबॅग आणि आपल्या लोकांना कमी का? तो प्रश्न बरोबरच होता. आधी ही सक्ती वर्षभर पुढे ढकलली गेली, मग 2023 मध्ये बारगळली. त्याऐवजी भारत एनकॅपची तारांकनं सुरू झाली, तीही ऐच्छिक. ह्युंदाईनं ऑक्टोबर 2023 मध्ये सगळ्या मॉडेल्सना सहा एअरबॅग दिल्या. फ्रॉन्क्सच्या सगळ्या व्हेरियंटना त्या 2025 मध्ये मिळाल्या.

कायदा थांबतो तिथून पुढे बुकिंग बोलतं. कोणतं व्हेरियंट किती गेलं, कशासाठी लोक थांबायला तयार आहेत, हे शोरूममधून कंपनीकडे जात राहतं आणि पुढचं मॉडेल त्यावर बेतलं जातं. सनरूफसाठी पन्नास-साठ हजार जास्त मोजणारे मी रोज पाहते. तारे किती, हे विचारणारे आता वाढलेत, पण अजून थोडे आहेत. तरीही दोष गिऱ्हाइकावर ढकलणं मला पटत नाही. सर्वांत स्वस्त मॉडेल घेणाऱ्याकडे निवडीला जागाच नसते. त्याचा जीव कंपनीच्या हिशेबावर सोडू नये. सहा एअरबॅग सक्तीच्याच हव्या होत्या.

आपल्या हातातलं मात्र आपण घालवतो. डिलिव्हरीनंतर पहिली खरेदी असते सीट कव्हरची. साइड एअरबॅग पुढच्या सीटच्या दाराकडच्या कडेत शिवलेली असते. वर सलग शिवणीचं जाड कव्हर चढलं की ती वेळेवर उघडेल याची खात्री उरत नाही. मागच्या बेल्टची बकलंही याच कव्हरखाली दाबली जातात, आणि मग आजीला बेल्ट लावायचा म्हटलं तरी जागा सापडत नाही.

म्हणून गाडी घ्यायला याल तेव्हा रंगाआधी माझ्यासारखीला दोन प्रश्न विचारा: मी घेतो त्याच व्हेरियंटमध्ये एअरबॅग किती, आणि या मॉडेलला तारे किती? कव्हर घालायचंच असेल तर एअरबॅगसाठी शिवण मोकळी ठेवलेलं घ्या, आणि मागची बकलं वर काढून ठेवा.