चाकणची मोटारसायकल आणि आपली तरुण मंडळी

सोनपेठ गावात रेल्वे येत नाही. गाडी धरायची तर गंगाखेड किंवा परळी गाठावी लागते. आणि आडत, कापड वा किराणा यांचा व्यापार करणाऱ्यास वसुलीसाठी खेडोपाडी हिंडल्यावाचून गत्यंतर नसते. बाजाराच्या दिवशी उधार दिलेल्या मालाचे पैसे सुगीनंतर गोळा करायचे आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून चौविहार सांभाळायचा, ही कसरत आपल्या मागच्या पिढ्यांनी आधी सायकलवर, मग लूनावर आणि पुढे चेतक स्कूटरवर केली. दुचाकी ही आपल्या घरांत चैनीची वस्तू नव्हतीच. तराजू आणि खातेवही यांच्या पंक्तीतले ते धंद्याचे एक साधन होते.

आता मात्र दुकानांच्या ओट्यासमोर निराळीच वाहने उभी दिसतात. रुंद खांद्यांची टाकी, पुढे झुकलेली बैठक, जाड मागचे चाक. पल्सर, ड्यूक, डॉमिनार ही नावे पाठशाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. घरातील वडीलधारे विचारतात, वसुलीला एवढी शक्ती कशाला हवी? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही शक्ती मध्यमवर्गीय व्यापाऱ्याच्या आवाक्यात आली कशी हे पाहण्याजोगे आहे. कारण ती हकिकत बव्हंशी आपल्याच राज्यात घडली आहे.

तिची सुरुवात एका जैन घराण्यापासून करावी लागते. अहमदनगरचे कुंदनमल फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल फिरोदिया यांनी बजाज घराण्याच्या भागीदारीत वाहनधंद्यात पाऊल टाकले. भारतातील ऑटोरिक्षाच्या आरंभाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. माणसाने माणसाला ओढून नेण्याची हातरिक्षा जावी, हा त्यामागचा विचार आपल्या समाजाला विशेष जवळचा वाटावा. १९६८ च्या सुमारास दोन्ही घराणी वेगळी झाली. बजाज ऑटो बजाजांकडे राहिली आणि बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, फिरोदियांकडे गेली. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनियरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची लूना आणली. त्याच वर्षी बजाजची चेतक आली. खेड्यातल्या व्यापाराची पुढची पंचवीस-तीस वर्षे या दोन वाहनांनी ओढली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

वेगवान मोटारसायकलचे स्वप्न त्या काळीही होते, पण ते परवडत नव्हते. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये ३४७ सीसीची राजदूत ३५० बाजारात आणली. गाडी उत्तम होती. आजही तिचे भक्त आहेत. परंतु तिची किंमत जबर, पेट्रोलची भूक त्याहून जबर, आणि सुटे भाग दुर्मीळ. दशक संपता संपता ती बंद पडली. पुढे कायनेटिकनेही कोरियाच्या ह्योसंग कंपनीची २५० सीसीची कॉमेट येथे आणून पाहिली, तिलाही थोडेच ग्राहक मिळाले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अनुभवांचा अर्थ एकच निघतो: माल चांगला असून भागत नाही, तो गिऱ्हाइकाच्या खिशाच्या मापाचा असावा लागतो आणि विकल्यानंतर त्याची दुरुस्ती गावात व्हावी लागते.

बजाज ऑटोवर खरे संकट नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आले. ज्या चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नोंदणी करून थांबत, त्या स्कूटरकडे गिऱ्हाईक पाठ फिरवू लागले. चार स्ट्रोकच्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकलींची मागणी वाढली आणि २००१ मध्ये हीरो होंडा दुचाकींच्या खपात बजाजच्या पुढे निघून गेली. जपानच्या कावासाकीशी बजाजचे सहकार्य होते, पण उसन्या आराखड्यावर पेढी किती दिवस चालणार? राजीव बजाज आणि आकुर्डीचे संशोधन खाते यांनी स्वतःची गाडी घडविण्याचे ठरविले. रूप रेखाटण्यासाठी ग्लिन केर या ब्रिटिश रचनाकाराची मदत घेतली, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पल्सर १५० व १८० सीसी अशा दोन रूपांत बाजारात आली. लहान गाडीची अश्वशक्ती १२, मोठीची १५. हीरो होंडाच्या सीबीझेडने १९९९ मध्येच या वर्गाची वाट पाडली होती. पल्सरने तिचा हमरस्ता केला. गाडी चाकणच्या कारखान्यात तयार होई.

पल्सरची जाहिरात ‘डेफिनेटली मेल’ या घोषणेने झाली. म्हणजे ही गाडी निखालस पुरुषाची! घोषणा गाजली खरी, पण प्रस्तुत लेखकाला ती कधी रुचली नाही. पुढे याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात डॉमिनारच्या जुळणीची साखळी महिला कामगारांच्या हाती आली, हे त्या घोषणेला मिळालेले परस्पर उत्तरच म्हणावे.

२००३ मध्ये पल्सरमध्ये एक तांत्रिक सुधारणा झाली आणि ती समजून घेण्याजोगी आहे. साध्या इंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण एका ठिणगीने पेटते. ज्योत एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचेस्तोवर क्षणाचा काही अंश जातो आणि काही इंधन नीट जळत नाही. पल्सरच्या इंजिनात समोरासमोर दोन स्पार्क प्लग बसविले. दोन्हीकडून ज्योत निघाली की जळण लवकर आणि पुरते होते. म्हणून शक्ती वाढूनही पेट्रोलचा खर्च आटोक्यात राहिला. याला कंपनीने डीटीएस-आय हे नाव दिले. त्यावरून टीव्हीएस कंपनीच्या फ्लेम या गाडीसंबंधी २००७ साली पेटंटचा तंटा उभा राहिला, मद्रास उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९ मध्ये आपसांत मिटला. बारा वर्षे कोर्टकचेरी, आणि शेवटी तडजोडच. आपल्या पेढ्यांना हा अनुभव नवा नाही.

खरी मध्यम वजनाची, म्हणजे चारशे सीसीच्या आसपासची, गाडी स्वस्त झाली ती केटीएममुळे. ऑस्ट्रियातील मॅटिगहोफेन येथील ही कंपनी नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी एकदा बुडून पुन्हा उभी राहिली होती. बजाजने २००७ मध्ये तिचा १४.५ टक्के हिस्सा घेतला व पुढे तो वाढवीत नेला. २०१२ मध्ये २०० ड्यूक आली, २०१३ मध्ये ३९० ड्यूक. इंजिन ३७३ सीसी, शक्ती सुमारे ४३ अश्वशक्ती, वजन पेट्रोलविना १३९ किलो, किंमत दिल्लीच्या शोरूममध्ये १ लाख ८० हजार. या आकड्यांची जोखीम कळावी म्हणून एक तुलना देतो. आपल्यापैकी कित्येकांनी ज्या मारुती ८०० मधून सहकुटुंब नेमगिरीची यात्रा केली, त्या गाडीची शक्ती होती ३७ अश्वशक्ती आणि वजन साडेसहाशे किलोच्या घरात. ती शक्ती, आणि वर थोडी अधिक, आता विशीतल्या एकट्या मुलाच्या उजव्या मुठीत आली होती.

ही किंमत साधली कशी? एक म्हणजे इंजिनाला एकच सिलिंडर. दोन सिलिंडरांचे इंजिन अधिक मऊ चालते, पण त्यात सुटे भाग वाढतात आणि खर्चही. दुसरे, तेच इंजिन थोड्याफार फरकाने अनेक गाड्यांत वापरले गेले: ड्यूकमध्ये, आरसी ३९० मध्ये, मग २०१६ च्या अखेरीस आलेल्या डॉमिनारमध्ये आणि मे २०२४ मध्ये आलेल्या पल्सर एनएस ४०० झेडमध्ये. युरोपात विकली जाणारी ३९० देखील चाकणलाच बनू लागल्याने साचे व यंत्रे यांचा खर्च मोठ्या उत्पादनावर विभागला गेला. घाऊक खरेदीचा हिशेब ज्याला कळतो त्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे कारण मराठवाड्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. बजाजचा वाळूज येथील कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, भोवती सुटे भाग पुरविणाऱ्यांची वस्ती वाढली. राहुल बजाज यांचे भाचे, अनुरंग जैन आणि तरंग जैन हे जुळे बंधू, याच शहरात उद्योगाला लागले. अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियमच्या ओतकामापासून आरंभ करून एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज उभी केली. तरंग जैन यांनी व्हॅरॉक. मामाच्या कारखान्यास माल पुरविणे हा सोपा आरंभ होता, हे खरे. पण पुढे दोन्ही कंपन्यांनी परदेशातही कारखाने घेतले आणि अनुक्रमे २०१६ व २०१८ मध्ये त्यांचे समभाग बाजारात आले. केटीएमच्या गाड्यांना लागणारे झटकाशोषक आधी परदेशातून आणावे लागले असते. त्या तंत्राचे भाग एन्ड्युरन्स येथे बनवू लागली. ब्रेकदेखील इटलीच्या ब्रेम्बो कंपनीच्या पुण्यातील कारखान्यातले. परभणीहून चार-पाच तासांच्या अंतरावर हे सारे घडत असताना आपल्या तालुक्यातील मुले मात्र केवळ त्याचे ग्राहक राहिली, ही खंत नोंदवावीशी वाटते. आयटीआय वा अभियांत्रिकी शिकून या पुरवठा-साखळीत शिरण्याची वाट अद्याप बंद झालेली नाही.

स्वस्ताई नेहमीच चालते असेही नाही. डॉमिनार १ लाख ३६ हजारांपासून विकावयास काढली, तरी ती अपेक्षेइतकी खपली नाही. जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याच्या जड गाडीला हत्ती म्हणून हिणविले. गिऱ्हाईक हत्तीकडेच जात राहिले. दुसऱ्याच्या मालाला नावे ठेवून आपला माल विकता येत नाही, हे गल्ल्यावर बसणाऱ्या कोणासही सांगता आले असते. एनएस ४०० झेडच्या वेळी कंपनीने सरळ १ लाख ८५ हजार किंमत लावली आणि ४० अश्वशक्ती व दोन्ही चाकांचे एबीएस देऊ केले.

आता कराचे पाहू. सप्टेंबर २०२५ पर्यंत ३५० सीसीवरील दुचाकीस २८ टक्के जीएसटी व ३ टक्के उपकर मिळून ३१ टक्के लागत. २२ सप्टेंबरपासून ३५० सीसीपर्यंत १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के असे दर झाले. करापूर्वीची किंमत दीड लाख धरली, तर लहान इंजिनावर कर २७ हजार आणि मोठ्यावर ६० हजार. म्हणजे तेवीस सीसीपायी ३३ हजारांचा फरक. त्रयस्थ विम्याचेही तसेच. २०२२ च्या दरपत्रकानुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा हप्ता १५० ते ३५० सीसीस ७,३६५ रुपये, तर ३५० सीसीवर १५,११७ रुपये. शिवाय साध्या पल्सरला गावातला कोणताही मिस्त्री हात घालतो. ३९० मात्र सर्व्हिसिंगसाठी मोठ्या शहरी न्यावी लागते, आणि लिटरला पन्नासच्या जागी पंचवीस-तीस किलोमीटर देते. खेडोपाडी वसुली हाच हेतू असेल, तर प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे: दीडशे ते दोनशे सीसी पुष्कळ झाले.

पण हेतू तेवढाच नसतो, हेही मान्य केले पाहिजे. दिवसभर दुकानात बसलेल्या मुलाला परभणीच्या मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये जो झेप घेतल्याचा अनुभव येतो, तो खोटा नाही. वडिलांच्या सावलीत, वडिलांच्या नावाच्या पाटीखाली काम करणाऱ्या तरुणाची स्वतःची अशी ती एकच वस्तू असते. परिग्रह-परिमाणाचा उपदेश करण्याआधी हे ध्यानी घेतले, तर घरातील बोलणी अधिक सुरळीत होतील असे वाटते. मुलगा अठराचा झाला नसेल, तर मात्र बोलणीच नकोत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकास २५ हजारांचा दंड व तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

वेगाचा हिशेब गणितातलाच आहे. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. समोर काही दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत एक सेकंद गेला, तरी गाडी २५ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक त्यानंतर लागतो. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. त्याने जोराच्या ब्रेकमध्ये चाक जाम होऊन गाडी घसरणे टळते. ते पहिले २५ मीटर काही परत मिळत नाहीत. आपल्या रस्त्यांवर हंगामात दिवे नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात, हे निराळे सांगायला नको.

आणि याच रस्त्यांवरून आपले साधू-साध्वी विहार करतात. पहाटेच्या धूसर उजेडात, थंडीच्या धुक्यात, श्वेत वस्त्रे असूनही ती आकृती दिसायला उशीर होतो. विहारात वाहनाची धडक बसून साधू-साध्वी जखमी झाल्याच्या, कालधर्म पावल्याच्या बातम्या अलीकडे पुन्हा पुन्हा वाचाव्या लागतात. ईर्यासमिती पाळून, चार हात भूमी पाहून पाऊल टाकणाऱ्यांना मागून येणाऱ्याचा वेग दिसत नाही. तो पाहण्याची जबाबदारी मागच्याचीच. अनेक गावांत तरुणांनी विहारसेवेचे गट बांधले आहेत आणि त्यात या गाड्यांचा उपयोगही होतो. पहिल्या गिअरमध्येही एवढी मोठी गाडी चालणाऱ्याच्या गतीने फार वेळ नेता येत नाही, क्लच तापतो. म्हणून एक गाडी दोनशे मीटर मागे दिवा चालू ठेवून थांबत थांबत येते, दुसरी पुढच्या वळणावर जाऊन उभी राहते, आणि उरलेली मंडळी प्रकाश परावर्तित करणारी जाकिटे घालून रस्त्याच्या बाजूने महाराजसाहेबांच्या सोबत पायी चालतात.