पाण्यात गेलेली बाइक: आधी किक नको

बाहेर धो धो पाऊस चालू आहे, मागे पत्र्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. आजचा विषयही त्यातलाच. भिजलेली बाइक सुरू होत नाही, तेव्हा काय करायचं? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, काय करायचं नाही?

मी मेकॅनिक नाही, कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न असतो, शेवटचं काय बदललं? इथे उत्तर माहीत आहे: पाणी. मग शोधायचं एवढंच, की ते कुठपर्यंत गेलं. बाहेरच्या वायरींपर्यंत, की इंजिनच्या पोटात?

आधी सोपं प्रकरण. पावसात चालवताना किंवा वॉशिंग सेंटरवर धुतल्यावर गाडी बंद पडली. सेल्फ फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बहुतेक वेळा दोषी असते प्लगची कॅप. तिच्यात ओल गेली की स्पार्क प्लगच्या टोकाला न जाता बाहेरूनच इंजिनच्या धातूत उतरतो. कॅप ओढून काढा, आतून फडक्याने पुसा, प्लगभोवतीच्या खळग्यातलं पाणी टिपा. काही इंजिनांत त्या खळग्याला पाणी निघायला बारीक भोक असतं, ते चिखलाने बुजतं. तेही काडीने मोकळं करा. मग किल स्विच आठ-दहा वेळा चालू-बंद करा, साइड स्टँडचा स्विच असेल तर तोही बघा. एकदा भर पावसात मी अर्धा तास किका मारल्या आणि शेवटी कळलं, रेनकोटच्या बाहीने किल स्विच दाबला गेला होता. हसू नका, तुमचंही होईल.

कॅपवर डब्ल्यूडी-४० मारलं तर ओल हटते. त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेला फॉर्म्युला. आमच्या भाषेत बिल्ड नंबर ४०.

आता अवघड प्रकरण. २५ जुलै २०२४. खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि मुठेचं पाणी सिंहगड रोडच्या एकतानगरी भागात शिरलं. माझी मावशी तिकडेच राहते. ती डबे करते, काका ते बाइकवरून पोचवतात. म्हणजे बाइक बंद तर घरच बंद. पाणी ओसरल्यावर मी पोचलो, तर गाडी टाकीपर्यंत चिखलाने माखलेली आणि काकांचा पाय किकवर.

"काका, थांबा! किक मारू नका."

"अरे, पाणी उतरलंय की आता."

पार्किंगमधलं उतरलं होतं, इंजिनमधलं नाही. बुडालेल्या गाडीत पाणी एअर फिल्टरमधून, सायलेन्सरमधून सिलिंडरपर्यंत जातं. पिस्टनचं काम हवा दाबायचं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आपटतो आणि वाकतो तो कनेक्टिंग रॉड. किकला निदान पायाला कळतं की ती अडकतेय. सेल्फला आणि ढकलून गिअरमध्ये टाकलेल्या गाडीला काहीच कळत नाही. शेजारच्या बिल्डिंगमध्ये दोघांनी ढकलून एक गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. कट् असा आवाज आला. इंजिन उघडावं लागलं.

आम्ही बॅटरीची वायर काढली, टूलकिटमधल्या पान्याने प्लग काढला आणि इग्निशन बंद ठेवूनच हळूहळू किक दिली. प्लगच्या भोकातून पिचकारीसारखं गढूळ पाणी उडालं. काका गप्प झाले. पाणी यायचं थांबेपर्यंत किक देत राहिलो. तोंड मात्र त्या भोकासमोर नेऊ नका.

मग ऑइल. ते दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ते सगळं काढून नवीन भरलं. एअर फिल्टर कागदी होता, नवा टाकला. फोमचा असेल तर धुऊन, पिळून, वाळवून चालतो. गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. त्याच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या बाटलीत धरलं, तर पाण्याचा थर स्पष्ट तळाशी. टाकीही रिकामी केली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात आणि इंजिनला नेमकं तेच आधी मिळतं. हे करताना जवळपास काडी-सिगरेट नको, हे वेगळं सांगायला नको.

तुमची गाडी बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची असेल आणि बुडाली असेल तर चावीसुद्धा लावू नका. ओल्या ईसीयूमध्ये करंट गेला की ईसीयू गेला. टेम्पोत घालून गॅरेजला न्या. फोटो काढा, इन्शुरन्सला आधी कळवा. बुडालेली गाडी सुरू करायला जाऊन इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत तो क्लेम बरेचदा नाकारतात.

काकांची गाडी नवीन प्लगवर अकराव्या किकला लागली. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, ती वाफ होती. दहा मिनिटं चालवून ऑइल पुन्हा बदललं, कारण पहिल्या वेळी कोपऱ्यातलं पाणी निघत नाही. ब्रेकचे ड्रम उघडून चिखल काढला. तिसऱ्या दिवशी डबे गेले. दोन महिन्यांनी मागच्या चाकाचं बेअरिंग घरघरायला लागलं, तेवढं बदलावं लागलं.