दोन अ‍ॅप, एक पेरणी

जूनमध्ये परभणीहून बाबांचा फोन येतो, तेव्हा मी इकडे दोहात, अल नस्रमधल्या घरी लॅपटॉपसमोर असते. "एक अ‍ॅप पाऊस येतोय म्हणतंय, दुसरं नाही म्हणतंय. पेरू का थांबू?" चुकलं तर दुबार पेरणी, बियाणं, खत, मजुरी सगळं पुन्हा. आणि लेक दिवसभर मशीन लर्निंगची मॉडेल्सच चालवते, मग तिला नाही तर कुणाला विचारणार?

आमच्याकडे यावर एक जुना उपाय आहे: एकाच मॉडेलवर विसंबू नका, अनेकांचा कौल घ्या. याला 'एन्सेम्बल' म्हणतात. समजा तीन मॉडेल्स आहेत, प्रत्येक 70 टक्के वेळा बरोबर. बहुमत घेतलं तर अचूकता 78.4 टक्के होते, पाच मॉडेल्स घेतली तर 83.7. कुठलंच मॉडेल जास्त हुशार झालेलं नाही. एकाची चूक बाकीच्यांनी सावरली, इतकंच.

पण थांबा, यात एक अट आहे. चुका एकमेकांपासून स्वतंत्र हव्यात. तिघांनी एकाच वहीतून कॉपी केली असेल तर बहुमतही 70 वरच राहणार. म्हणूनच लिओ ब्रायमन यांच्या 2001 च्या 'रँडम फॉरेस्ट' पद्धतीत प्रत्येक निर्णयवृक्षाला माहितीचा वेगळा नमुना देतात आणि प्रत्येक फाट्यावर मोजकेच घटक बघू देतात. मुद्दाम वेगळं शिकवायचं, म्हणजे चुकाही वेगळ्या होतात.

आपला मान्सून घ्या. 2002 मध्ये हवामान खात्याचा अंदाज सरासरीच्या 101 टक्के होता. पडला 81 टक्के. तेव्हा भिस्त 16 घटकांच्या एका सांख्यिकी मॉडेलवर होती. 2007 पासून अनेक समीकरणांची सरासरी आली, आणि 2021 पासून जगातल्या वेगवेगळ्या केंद्रांची मॉडेल्स एकत्र करतात. अंदाज आजही चुकतो, पण एका मॉडेलच्या लहरीवर सगळं अवलंबून नसतं.

मग बाबांना काय सांगितलं? दोन अ‍ॅपचं एकमत झालं तरी लगेच हुरळून जाऊ नका. दोघांची माहिती एकाच जागतिक मॉडेलमधून येत असू शकते. ते खरं तर एकच मत. तुमच्या शेतातली ओल मात्र कुणाची कॉपी करत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्या, माती उकरून बघा, मग पेरा.

बाबा म्हणाले, "हे तर तुझे आजोबाही सांगायचे."

असू दे. आणखी एक स्वतंत्र मत मिळालं!