चौथ्या क्रमांकाची जागा

मालवणात दांडीच्या किनाऱ्यालगतच्या एका घरात बसून कोणी मुलगी 600 ओळींचा कोड स्वतः न लिहिता यंत्राकडून लिहवून घेते, हे कानी आले तेव्हा नकला करण्यात उभे आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या कारकुनाला स्वस्थ बसवेना, आणि अंगणात वाळत घातलेल्या खाऱ्या बांगड्यांचा उग्र दर्प ओलांडून मी तिच्या माडीवर दाखल झालो.

काम मासळीच्या लिलावाच्या हिशेबाचे होते. व्यापाऱ्याच्या फोनने दूरच्या सर्व्हरवरचे काम असे करवून घ्यावे, की जणू ते त्या फोनातच होत आहे, या युक्तीस ‘रिमोट प्रोसीजर कॉल’ म्हणतात. झेरॉक्सच्या बिरेल आणि नेल्सन या संशोधकांनी 1984 साली तिचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. दोन्ही टोकांचे मुखत्यार, म्हणजे ‘स्टब’, लिहिण्याचे कंटाळवाणे काम त्यांनीही ‘ल्युपाइन’ नामक प्रोग्रामकडेच सोपवले होते.

मुलीने 29 ओळींचा करारनामा लिहिला होता: निरोप कोणते, त्यांत कलमे कोणती, प्रत्येकाचा क्रमांक काय. तिने करारनाम्यावरून कोड लिहून देणारा ‘प्रोटॉक’ हा प्रोग्राम चालवला आणि पाते लवते न लवते तोच 600 ओळी तयार. माथ्यावर ताकीद, की यात फेरफार करू नये. 29 च्या 600! मला त्या बरकतीचे कोण कौतुक. तिला मुळीच नव्हते.

ती अडली होती चौथ्या कलमावर. तेथले किलोतले वजन काढून दर घालायचा होता. नाव बदल म्हणजे झाले, असे मी म्हणालो.

“काकानू, नाव जाणा नाय, आकडो तेवडो जाता.”

पाठवलेल्या बाइटांत कलमाचे नाव नसतेच; क्रमांक, प्रकार आणि मूल्य एवढेच असते. म्हणून ज्याने जुने ॲप बदललेले नाही, अशा व्यापाऱ्याला चौथ्या जागी आलेला 480 रुपये हा सुरमईचा दर 480 किलो सुरमई असा दिसेल, आणि चूक झाल्याची नोंद कोठेच होणार नाही.

तिने चार हा क्रमांक ‘रिझर्व्ड’ लिहून कायमचा बंद केला, दराला सातवा दिला आणि प्रोटॉक पुन्हा चालवला. नव्या 600 ओळी तिने उघडूनही पाहिल्या नाहीत. करारनाम्यातल्या त्या बंद क्रमांकासमोर मात्र तिने टीप लिहून ठेवली: पूर्वी येथे वजन होते.