लवणासुराला राग का आला?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर पाहण्यासाठी शाळांच्या सहली नेहमीच येतात. अशाच एका सहलीबरोबर आम्ही विवराच्या काठावर उभे होतो. बरोबरच्या शिक्षकांनी मुलांना आधी लवणासुराची कथा सांगितली, मग उल्कापाताची हकिगत सांगितली. दोन्ही ऐकून झाल्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, पण त्या असुराले एवढा राग काहून आला व्हता?" मुले हसली. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "अन् तो दगड कोनं फेकला व्हता?"

दगड कोणी फेकला हा प्रश्न तिला कोठून सुचला, हे लगेच कळले. दूरचित्रवाणीवर ती अंतराळातील साहसाच्या कार्टून मालिका पाहत होती, आणि त्यांत खलनायक ग्रहांवर दगड फेकतातच. शिक्षकांनी "ते सगळे खोटे असते" असे म्हणून विषय संपवला. आमच्या मते येथे विज्ञानाचा एक चांगला तास हातचा गेला. या लेखात आपण तो तास परत मिळवण्याचा प्रयत्न करू या.

मालिकेतले खरे किती?

अशा मालिकांपैकी दोन जपानी मालिका आपण उदाहरणादाखल घेऊ. पहिली 'स्पेस बॅटलशिप यामातो'. ती १९७४ साली जपानमध्ये सुरू झाली. तिची कथा २१९९ सालात घडते. गामिलास नावाच्या ग्रहावरील लोक पृथ्वीवर उल्कांसारखे प्रचंड गोळे टाकतात. समुद्र आटतात, जमीन किरणोत्सारी होते आणि माणसे भूगर्भात राहू लागतात. पृथ्वी वाचवण्याचे साधन आणण्यासाठी एक यान १,४८,००० प्रकाशवर्षे दूर जाऊन वर्षाच्या आत परतायला निघते.

दुसरी मालिका 'मोबाइल सूट गंडम'. ती १९७९ साली आली. हिच्यात माणसे अंतराळातील प्रचंड फिरत्या नळकांड्यांत राहतात. त्यांतील एक गट स्वातंत्र्यासाठी पृथ्वीशी युद्ध पुकारतो आणि अशी एक अख्खी वसाहतच पृथ्वीवर पाडतो.

आता वर्गात फळ्यावर दोन रकाने करा : 'होऊ शकते' आणि 'होऊ शकत नाही'. एकेक गोष्ट मुलांनाच त्यांत भरू द्या.

यामातोचा प्रवास कोणत्या रकान्यात घालायचा? जाण्यासाठी अर्धे वर्ष धरले, तर यानाचा वेग प्रकाशाच्या सुमारे २,९६,००० पट हवा. प्रकाशापेक्षा जास्त वेगाने कोणतीही वस्तू नेता येत नाही, हे आपण शिकवतो. आपले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यापासून दूर जात आहे. त्या वेगाने हेच अंतर काटायला सुमारे २६० कोटी वर्षे लागतील. हा भागाकार मुलांकडूनच करून घ्यावा. विश्वाचा आवाका या एका उदाहरणातून जितका कळतो, तितका पाठ केलेल्या अंतरांतून कळत नाही.

फिरती वसाहत मात्र पहिल्या रकान्यात जाते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ साली अशा वसाहतींचा आराखडा मांडला होता. त्यांच्या सर्वांत मोठ्या नळकांड्याची त्रिज्या ३.२ किलोमीटर होती. दोरीला बांधलेली बादली गरगर फिरवली, तर ती डोक्यावर आली तरी पाणी सांडत नाही. तसेच हे नळकांडे स्वतःभोवती फिरले, की आतल्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पायाखाली जमीन दाबत असल्याचे जाणवते. पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी एका फेरीला किती वेळ लागावा? सूत्र आपल्या ओळखीचेच आहे. लंबकाच्या आवर्तकालाच्या सूत्रात दोरीच्या लांबीऐवजी नळकांड्याची त्रिज्या घाला. उत्तर सुमारे ११४ सेकंद येते, म्हणजे दोन मिनिटांनाही थोडे कमी! एवढे मोठे नळकांडे बांधण्याची ताकद आज आपल्याजवळ नाही, पण निसर्गाचा कोणताही नियम आड येत नाही. 'आज जमत नाही' आणि 'कधीच जमणार नाही' यांतला फरक मुलांना येथे समजतो.

गंडमच्या लेखकांनी आणखी एक युक्ती केली आहे. अंतराळात इतक्या जवळून लढाई का होते, दुरूनच क्षेपणास्त्रे का सोडत नाहीत, हा प्रश्न चाणाक्ष प्रेक्षक विचारणारच. म्हणून त्यांनी रडार निकामी करणारे एक काल्पनिक कण मानले. रडार नाही, म्हणून नजरेच्या टप्प्यात येऊन लढावे लागते. गृहीत एकच, पण त्याचे परिणाम शेवटपर्यंत पाळले. चांगल्या विज्ञानकथेची कसोटी हीच. भूमितीतही आपण काही गृहीते मानतो आणि पुढे त्यांच्याशी प्रामाणिक राहतो. तंत्रज्ञान पटण्यासारखे वाटते ते या प्रामाणिकपणामुळे, यंत्रावर लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे नव्हे.

दगड हेच शस्त्र

आता लोणारकडे वळू. मुलांना वाटते, की खलनायकाने फेकलेल्या दगडात स्फोटके भरलेली असणार. त्यांची गरजच नसते. दुरून येऊन पृथ्वीच्या ओढीने खेचला जाणारा दगड सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो, पुष्कळदा त्याहूनही अधिक. आपण १८ किलोमीटर धरू. गतिज ऊर्जेच्या सूत्राप्रमाणे या वेगाच्या एक किलोग्रॅम दगडात सुमारे १६ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा असते. एक किलोग्रॅम टीएनटी या स्फोटकातून सुमारे ४२ लाख ज्यूल मिळते. म्हणजे साधा दगड आपल्या वजनाच्या सुमारे ३९ पट स्फोटकाचे काम करतो! वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते, हे सूत्रातला वर्ग सांगतोच.

म्हणूनच लोणारचे विवर दगडाच्या आकाराचा खड्डा नाही, तो स्फोटाचा खड्डा आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुमारे २० मीटर उंच उचललेला आहे. आदळणारा दगड याच्या मानाने अगदी लहान होता. तो तिरका आला तरी स्फोट सर्व दिशांना सारखाच पसरतो, म्हणून विवर गोल होते.

पूर्वी हे विवर ज्वालामुखीचे असावे असा तर्क होता. भोवती सगळा बेसाल्ट, म्हणजे ज्वालामुखीचाच काळा दगड असल्याने तो तर्क स्वाभाविक होता. पण प्रचंड दाबाच्या धक्क्यानेच बनणारी मॅस्केलिनाइट नावाची काच येथील दगडांत सापडली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताची गोष्ट पक्की केली. वयाबद्दल सांगायचे तर जुन्या पुस्तकांत सुमारे ५० हजार वर्षे असे छापलेले आढळते. २०११ साली आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने काढलेले वय मात्र सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. दोन्ही आकडे मुलांपुढे ठेवावेत. मोजण्याची पद्धत बदलली की उत्तर बदलू शकते, हेही विज्ञानच आहे.

घमेल्यातील लोणार

एका घमेल्यात चार बोटे जाडीचा राखेचा थर पसरा. वर गेरूची पातळ पूड भुरभुरा. एकच गोटी अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटर उंचीवरून टाका, आणि प्रत्येक वेळी खड्ड्याचा व्यास मोजा. खालची राख वर उडून गेरूवर पडलेली दिसेल. लोणारच्या काठाबाहेर असाच उडालेला मालमसाला पसरलेला आहे.

मग मुलांना या प्रयोगाची मर्यादाही विचारा. दोन मीटरवरून पडणाऱ्या गोटीचा वेग सेकंदाला जेमतेम ६.३ मीटर असतो. १८ किलोमीटर वेगाच्या दगडात दर किलोग्रॅममागे त्याच्या सुमारे ८० लाख पट ऊर्जा असते. म्हणून घमेल्यात गोटी शाबूत राहते, लोणारला दगड शाबूत राहिला नाही.

कोणी, आणि कसे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. लवणासुराच्या कथेत असुर जमिनीखाली दडून राहतो, लोकांना छळतो. विष्णू त्याच्या गुहेवरचे झाकण उडवून त्याला मारतो. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. ही कथा रचणाऱ्याचे निरीक्षण पाहा. खड्डा वाटोळा आहे, वरचे काहीतरी उडून गेले आहे, आणि पाणी खारट आहे. तिन्ही गोष्टी बरोबर टिपल्या आहेत! फरक इतकाच, की कथेने विचारले 'कोणी केले?', आणि विज्ञानाने विचारले 'कसे झाले?' दगडाला राग नव्हता. त्याच्या वाटेत पृथ्वी आली, एवढेच.

पण कार्टून मालिकेत 'कोणी' हा प्रश्न परत येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. चांगल्या मालिकेतील खलनायक नुसता क्रूर नसतो. गामिलासचा सत्ताधीश डेस्लर पृथ्वीवर उठतो, कारण त्याचा स्वतःचा ग्रह मरणपंथाला लागला आहे. गंडममधील बंडखोरांना पृथ्वीवरून चालणारा कारभार नको आहे. त्यांची तक्रार ऐकली तर आपल्याला ती पटते, आणि त्यांचे कृत्य पाहिले तर अंगावर काटा येतो. असा खलनायक लक्षात राहतो, कारण त्याच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हा प्रश्न तो आपल्यालाच विचारतो. यामातोच्या नायकालाही विजयानंतर उद्ध्वस्त गामिलास पाहून आनंद होत नाही, तो शोक करतो.

खरी गोष्ट

हे सारे कल्पनेतच राहिले असते तर आम्ही एवढे लिहिले नसते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेचे 'डार्ट' हे यान डायमॉर्फस नावाच्या सुमारे १६० मीटर व्यासाच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. यानाचे वजन ६०० किलोग्रॅमपेक्षाही कमी होते आणि वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर. डायमॉर्फस एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. धडकेनंतर हा काळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक कमी झाला. मालिकेतल्यासारखे दगडाचे तुकडे करण्याची गरज नाही, वेळीच दिलेला लहानसा धक्का पुरतो.

डॉ. जयंत नारळीकर यांनी आपल्या 'धूमकेतू' या कथेत पृथ्वीवर येणाऱ्या धूमकेतूला वळवण्याची कल्पना डार्टच्या कितीतरी वर्षे आधी मराठीत आणली होती. तिकडे शास्त्रज्ञ यान पाठवतात, इकडे घरात संकटनिवारणासाठी यज्ञ होतो, आणि शेवटी श्रेय कोणाला द्यायचे हा प्रश्न उरतो. वर्गात वाचून दाखवण्याजोगी ही कथा आहे.

२०२४ च्या डिसेंबरात सापडलेला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह सुमारे ६० मीटरचा आहे. तो २०३२ साली पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ३ टक्क्यांपर्यंत चढली, आणि त्याच महिन्याअखेर जवळजवळ शून्यावर आली. तेव्हा अनेकांना वाटले, की शास्त्रज्ञच गोंधळले. तसे नव्हते. निरीक्षणे वाढली की संभाव्य मार्गांचा पट्टा अरुंद होतो. त्या पट्ट्यात पृथ्वी जोवर असते, तोवर तिचा वाटा वाढत जातो. ती पट्ट्याबाहेर पडली, की शक्यता एकदम कोसळते. दहा जणांतून चिठ्ठी काढताना एकेकाचे नाव गळत गेले, की उरलेल्यांची शक्यता वाढते, तसेच हे.

आणि आता खलनायक. कार्ल सेगन आणि स्टीव्हन ऑस्ट्रो यांनी १९९४ साली एक इशारा दिला होता. लघुग्रहाला पृथ्वीपासून दूर वळवण्याचे तंत्र ज्याच्या हाती येईल, त्याला तो पृथ्वीकडेही वळवता येईल. धक्का एकच, दिशा तेवढी वेगळी! रक्षणाचे साधन आणि विनाशाचे साधन येथे एकच आहे. त्यावर कुलूपकिल्ल्यांपेक्षा चांगला उपाय म्हणजे सगळे उघडे ठेवणे. निरीक्षणे अनेक देशांनी करावीत, आकडे सर्वांना दिसावेत, निर्णय एकट्यादुकट्याच्या हाती राहू नये. कोणाची तक्रार इतकी दुर्लक्षिली जाऊ नये, की तिच्यातून डेस्लर निपजेल, हेही त्यातच आले.

म्हणून "दगड कोनं फेकला व्हता?" या प्रश्नाला आमचे उत्तर असे, की तो कोणीच फेकला नव्हता. पण पुढचा दगड अडवायचा की नाही हे माणसेच ठरवणार आहेत, आणि त्या माणसांत तुमच्या वर्गातील एखादी मुलगी असू शकेल. पुढच्या सहलीत विवराच्या काठावर तिला प्रश्न पुरा विचारू द्यावा. घमेले आणि राख बरोबर न्यायला विसरू नये.